कडीमागची काजळी

थोरलीच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट.

फौजदार दुसऱ्यांदा त्या घरी आला, तेव्हा थोरली भिंत पुसत होती. लेक बाळांना घेऊन येणार होती. याच खोलीत हीटरवर पांघरूण पडून धूर कोंडला आणि थोरलीचा म्हातारा बाप गुदमरला. अपघात, असं लिहून झालं होतं. पण सकाळी शेजारीण चौकीवर आली. आतून दार बडवल्याचं तिनं ऐकलं होतं.

"बाहेरून कडी होती?" फौजदारानं विचारलं.

"नव्हती," थोरली म्हणाली.

"दार कुणी उघडलं?"

"मी," धाकटा भाऊ म्हणाला. तो रंगारी. "नुसतं लोटलेलं होतं."

थोरली वरून ओला फडका फिरवत होती. पिवळ्या रंगावरून काळं पाणी ओघळत होतं.

"ताई, भिंत धुतेस की रडवतेस? आधी कोरड्या स्पंजानं काजळी टिपायची. मग साबणाचं पाणी, तेही खालून वर. वरून धुतलंस तर ओघळांचे डाग बसतात, ते जन्मात जात नाहीत."

"मग तूच पूस की, शहाण्या."

"मी नाही. त्या दिवसापासून भिंतीला हात लावलेला नाही."

फौजदार बाहेर बोळात गेला. तिथली भिंतही धुरानं काळवंडली होती. फक्त दाराच्या चौकटीपाशी हातभर जागा स्वच्छ होती. एक ओघळ नव्हता.

"ही कुणी पुसली?"

"मी," थोरली म्हणाली.

त्यानं दारावर लोंबणारी कडी उचलली. तिच्यामागची फळी काळीकुट्ट होती.

थोरली भिंतीला टेकून खाली बसली. "कडी मीच घातली होती, साहेब. मला न्या."

"नाही, ताई. धुराच्या वेळी कडी लोंबत असती, तर तिच्यामागे फळी कोरी राहिली असती. म्हणजे कडी चढवलेली होती. तिची कोरी खूण चौकटीवर राहिली, ती कुणीतरी आजूबाजूच्या भिंतीसकट पुसली. खालून वर. तुम्हाला तसं पुसता येत नाही."

तो धाकट्याकडे वळला.

"रात्री उठून रस्त्यावर जायचे ते," धाकटा म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. "राखणीची पाळी माझी होती. कडी घालून झोपलो."

"बडवणं ऐकू आलं?"

"आलं. रोजच बडवायचे."

थोरली बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिली. "त्याची पोरं लहान आहेत, साहेब."

धाकट्यानं चपला घातल्या. निघताना तिच्या हातातला फडका काढून घेतला आणि कोरडा स्पंज ठेवला.

म्हातारा सोमवारी पहाटे गेला. जुळं झालं ते त्याच दिवशी दुपारी.