मऊ पाट्यांची जीप

मासवणच्या अलीकडे, ऐन उतारावर, दवाखान्याच्या जीपच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तेव्हा नर्स नर्मदा जिवलीचं मनगट धरून बसली होती. खाडकन आवाज झाला, गाडी एका अंगाला बसली आणि स्ट्रेचरवरची जिवली कळवळली. दिवस भरायच्या आधीच तिला कळा लागल्या होत्या, रक्त जात होतं आणि पालघर अजून लांब होतं. भादव्यातला बारीक, चिकट पाऊस पडत होता. म्हातारा ड्रायव्हर चिंधू चाकाशी वाकला खरा, पण त्याला काही सुचेना.

तेवढ्यात मागून मनोरचा एक ट्रक आला. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झाल्यापासून या रस्त्याला ट्रकांची सवय झाली होती. त्यातून एक सावळा, उंच तरुण उतरला. तो बन्सी, मूळचा मनोरचा, पालघर स्टेशनाजवळच्या गॅरेजातला मिस्त्री. काही न विचारता तो जीपखाली शिरला. तुटल्या पाट्याच्या जागी त्यानं ऐनाच्या लाकडाचा ओंडका ठोकला आणि दोरानं आवळला.

"गाडी चालंल," तो नर्मदाला म्हणाला, "पन लाकडावर चालनार. रस्त्यातला हरेक दगड बाईला लागंल."

मग ट्रक पुढे पाठवून तो स्वतःच मागे चढला. स्ट्रेचरचं एक टोक त्यानं हातांवर उचलून घेतलं, दुसरं नर्मदानं. मांड्यांवर तोलून, हात भरून आले तरी, पालघर येईपर्यंत दोघांनी ते खाली टेकू दिलं नाही. बोलणं असं झालंच नाही. गळक्या ताडपत्रीतून पावसाचं पाणी नर्मदाच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एकदाच तिनं वर पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता... त्यानं चटकन मान खाली घातली.

जिवली वाचली. मूल वाचलं नाही.

चार दिवसांनी जीप दुरुस्तीला गेली, तेव्हा डॉक्टरांचा निरोप घेऊन नर्मदाही गॅरेजात गेली. लष्कराच्या लिलावातले जाड पाटे बसवा, पुन्हा तुटायला नकोत, असा निरोप होता. बन्सीनं ऐकून घेतलं आणि पाट्यांच्या दोन जोड्या तिच्यापुढे मांडल्या.

"जाड घातले तर तुटनार नाय, बाई. पन हलकी गाडी आदळंल, मागं निजल्या मानसाला सोसनार नाय. हे पातळ मऊ हायेत. पन मंग मागं बिऱ्हाड भरता येनार नाय."

"बिऱ्हाड कसलं?"

"सासू, नणंद, शेजारीन, तांदळाची गोन. समदी येतात नव्हं तुमच्यासंगं?"

नर्मदाला हसू आलं. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच हसली होती, आणि लगेच तिला कसंसंच झालं.

बन्सीनं जीपच्या मागच्या कोपऱ्यावर भार देऊन हात काढला. गाडी खालीवर डुलत राहिली. शॉकपमधलं तेल गळून गेलंय, तो म्हणाला. पाटा धक्का पितो, पण प्यायल्यावर नाचत बसतो. त्याला आवरतो तो शॉकप. तोही पाट्याच्या मानानं निवडायचा. फार कडक घेतला तर मऊ पाटा घालून उपयोग काय?

"माणसांनाही बसवता का हो, शॉकप?"

"मानसांचं मला ठावं नाय," तो पाना पुसत म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

नर्मदा त्या दोन जोड्यांकडे बघत उभी राहिली. मऊ पाटे घ्यायचे म्हणजे पाड्यापाड्यावर कुणाच्या तरी आईला गाडीतून उतरवावं लागणार, आणि ते तिनंच करायचं. तिनं मऊ पाट्यांवर हात ठेवला. दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनीही तेच विचारलं, लोकांना सांगणार कोण? मी सांगेन, ती म्हणाली.

पाटे, शॉकप बसले तेव्हा बन्सीनं हट्ट धरला, की चाचणीला स्ट्रेचरवर तो स्वतः निजणार. धक्का कुठं लागतो ते ड्रायव्हरला कळत नाही, निजलेल्याला कळतं. चिंधू गाडी चालवत होता, नर्मदा मागे स्ट्रेचरशेजारी बसली होती. बन्सी डोळे मिटून सांगत होता... इथं कमरेला, इथं मानेला. मासवणच्या नदीकाठी थांबून त्यानं मागचे शॉकप बदलले आणि पुन्हा निजला. या खेपेला बराच वेळ तो काही बोलेना. झोप लागली का, तिनं हळूच विचारलं.

"नाय." डोळे मिटलेलेच होते. "त्या दिशी मी तुमच्याकडं बघत व्हतो, बाई. पोर मरत व्हतं, आनि मी... त्या टायमाला मानसानं असं बघावं का?"

नर्मदा मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघू लागली. जीप पालघरला पोचली, तो उतरला, हत्यारं उचलली आणि निघून गेला. पुढच्याच आठवड्यात कळलं, तारापूरच्या कामावरच्या गाड्या सांभाळायला त्यानं बोईसर गाठलं होतं.

जीप सुरेख चालली. नर्मदा आयाबायांना उतरवत राहिली. कुणी हात जोडले, एका म्हातारीनं तर तिच्या नावानं बोटं मोडली. पण मागे निजलेल्या बाया शांत असत. कधी एखादीचा डोळाही लागे. अशा वेळी नर्मदा स्ट्रेचरच्या दुसऱ्या टोकाशी, बन्सी बसला होता त्या रिकाम्या जागेकडे बघत बसायची.

थंडी पडली तशी एका दुपारी ती बोईसरला उतरली आणि विचारत विचारत त्या गॅरेजात गेली. "मिस्त्री, कोई बाई आयी है," कुणीतरी हाक दिली. बन्सी ट्रकखालून बाहेर आला आणि तिला बघून तसाच उभा राहिला.

"मीही बघत होते," नर्मदा म्हणाली. "वाटेत एकदाच वर पाहिलं, ते तुम्हांलाच. आपण बघितलं म्हणून ते मूल गेलं नाही, बन्सी. हात तर दोघांपैकी कुणीच सोडला नाही."

तो हातातलं फडकं पिळत राहिला.

"तुमास्नी... हे सांगाया इतके दिस लागले?"

"तुम्ही पळून आलात. मला तर कामं होती."

आता तो हसला, पण डोळे भरले होते. मी मनोरचा, तुम्ही मुरब्याच्या, दर्यावरच्या मांगेल्यांच्या; घरचे काय म्हणतील, त्यानं विचारलं. बाला सांगून आलेय, ती म्हणाली. ऐकून बा नुसता जाळं विणत राहिला होता.

रविवारी सातपाटीहून होडीनं दोघं खाडी ओलांडून मुरब्याला निघाले. ओहोटी होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बन्सी होडीतून उतरला, दोन पावलं टाकली आणि घोट्याच्या वर रुतला. काठावर तिचा बाप महादू तांडेल बराच वेळ हे बघत उभा होता. मग तो स्वतः चिखलात उतरला आणि दंडाला धरून त्यानं बन्सीला वर काढलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"याला चिखलात चालाया शिकव, पोरी," महादू म्हणाला. "आता नेमानं येनं-जानं र्‍हायाचं हाय त्याचं."