जोमार्तचा हिरवा दिवा

कारा-बेल घाटात बर्फ काढणाऱ्यांच्या मुक्कामाच्या डब्यात बसून कारिपबाय म्हातारा चहा ओतत होता. बाहेर मिट्ट काळोख. समोर दोन तरणे ड्रायव्हर.

"कारिपाके, कोपऱ्यातलं ते भंगार यंत्र कशाला जपताय?" एर्निसने खिजवलं. "विकलंत तर एखादी मेंढी तरी येईल."

"मेंढीच्या जागी तुलाच बांधीन. गप ऐक. तिलेकवर गुदरलं तेच सांगतो. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा."

जानेवारीतली, तिलेकचा थोरला भाऊ जोमार्त गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी पंगतीसाठी घोडा कापायचा होता. आईने दुपारीच धाकट्याला सांगितलं, "घाटातल्या खोपटातून त्याचं बोलायचं यंत्र आण. त्याच्या हातचं आहे, घरात हवं." तिलेक निघाला. सहावीत शाळा सोडलेला, आधी करायचं आणि मग विचार करायचा असा. भाऊ गाडीसकट दरीत गेल्यापासून कुणाशी धड बोलला नव्हता.

यंत्र जोमार्तनेच जुळवलेलं. तो धाकट्या भावाला समजवायचा, "इनी, यातली एक लहर शिंगरासारखी भटकते. स्फटिकाची लहर म्हणजे घोडी, एका चालीची. तारांचं मंडल दोघांची पावलं ताडून बघतं आणि शिंगराला ओढत राहतं. चाल जुळली की हिरवा दिवा. तोवर आवाज बाहेर जायचा नाही, मीच तशी सोय केलीय."

"पण आके, आत्ता लुकलुकला की!" तिलेक थोरल्या भावाला म्हणायचा.

"एक पाऊल जुळलं म्हणजे चाल जुळली का, गाढवा? टिकला तरच खरा."

थंडीने स्फटिक चळतो म्हणून काम झालं की जोमार्त तो काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. छातीच्या उबेला.

तिलेक खोपटात पोचला तेव्हा अंधारत होतं. यंत्र चादरीत बांधतोय तोच वरचा कडा गडगडला. मग सगळं मुकं झालं.

दार बाहेर उघडणारं. हललं नाही. खिडकी फोडली, तर बर्फच आत आलं. आल्याआल्या पेटवलेल्या चुलीचं धुराडं बुजलं आणि धूर उलटा फिरला. त्याने चूल विझवली. आता ऊबही नाही, हवाही नाही.

यंत्र होतं! त्याने बॅटरी जोडली. दिवा लागेना. झाकण काढलं.

स्फटिकाची खाच रिकामी.

तेव्हा त्याला आठवलं. दफनाच्या दिवशी त्यानेच भावाच्या सदऱ्यातून स्फटिक काढला होता. आकेची वस्तू आकेजवळ राहू दे म्हणून, कुणाला न सांगता कफनात सरकवला होता.

त्याने दारावर मुठी आपटल्या. सालटं निघाली. मग यंत्रापुढे गुडघ्यांवर बसला.

"आके, मी मूर्ख आहे... मला नेऊ नकोस. आईला उद्या दोघांसाठी रडावं लागेल."

काहीच नाही.

दिवा लुकलुकला.

त्याने खाचेत बोट घातलं. रिकामीच. पुन्हा लुकलुक. अंधार. लुकलुक... जणू कुणी ओढतंय... निसटतंय... पुन्हा ओढतंय.

"टिकला तरच खरा," तो पुटपुटला. श्वास आखूड झाला होता.

लुकलुक...

अंधार...

मग दिवा विझला नाही.

"याच डब्यातल्या आमच्या यंत्रावर त्याची हाक ऐकली मी," कारिपबाय म्हणाला. "पहाटेपर्यंत फावडी मारली, तेव्हा जिवंत बाहेर आला. त्याच दिवशी पाव्हण्यांच्या पंगतीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा झोपला होता. यंत्र मात्र आईने उंबऱ्याआत घेतलं नाही."

"आणि स्फटिक?"

"कबर कोण उघडणार?"

म्हाताऱ्याने यंत्राचं झाकण काढलं. पत्र्यावर दव गोठलेलं. मधोमध रिकामी खाच.

"घाल बोट."

एर्निसने हसत बोट घातलं. हसू तिथेच राहिलं.

"काय रे?" दुसऱ्याने विचारलं.

बोट तसंच ठेवून एर्निसने दुसरा हात आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला, छातीशी. थोडा वेळ ताडून बघितलं...

खाचेतली ऊब तेवढीच होती.