महादूदादाच्या पत्त्या

हे माझ्या हातून घडलंय. साठी उलटल्यावर नातीकडून अक्षरं शिकलो, तेव्हाच हे लिहायचं होतं. लाजेनं हात धजला नाही.

दोन वर्षांपूर्वीचा वैशाख. टोकावड्याजवळचं आमचं गाव. रात्र नव्हती, भर दुपार होती.

माझा चुलतभाऊ महादूदादा सनई वाजवायचा. मी त्याच्यामागे सूर धरायचो. सनईच्या तोंडाला ताडाच्या पानाची पत्ती लागते. ती झिजली की लोक टाकतात. दादा डब्यात साठवायचा.

“लोणचं घालतोस का रे?” मी म्हणायचो.

“आपला श्वास असतो तिच्यात. मी गेलो की नदीत सोडायच्या. तवर नाय.”

दादा गेला. तेराव्याला गोजावहिनीनं डबा माझ्या हातात दिला.

“राघोभावजी, तुमीच सोडा.”

ऊन फार होतं. नदी लांब.

मी डबा घरामागच्या उकिरड्यावर उलटा केला. डबा चांगला होता, तो ठेवून घेतला.

“सोडल्या?”

“सोडल्या, वहिनी.”

आठ दिवसांनी शेजारी लडकूच्या पोरीची हळद. आता सनई माझ्याकडे. नवी पत्ती काढली. ती आधी तोंडात भिजवावी लागते.

पण ती... ओलीच होती.

कोमट.

तोंडात धरली, तर मशेरीची चव आली. मी मशेरी लावत नाही.

दादा लावायचा.

दुसरी काढली... तीही ओली.

फुंकलं. आवाजच नाही.

“राघो, हळद सुकली रे पोरीची!” लडकू ओरडला. मांडव हसला.

तेवढ्यात माझ्या घरामागून सनई ऐकू आली...

दादा सुरुवातीला लावायचा, तोच सूर.

कोणी मान वळवली नाही.

मी उठून पळालो. दोन्ही हातांनी उकिरडा उपसला. शेण, राख, टरफलं. पत्ती एकही नाही. आवाज मात्र... हाताखालूनच.

“काय हरवलं, भावजी?” मागे वहिनी उभी.

“काय नाय.”

“तुमाला त्यांची सनई ऐकू येते का ओ कधी? मला नाय येत. कुठं सोडल्यात, ती जागा दाखवा. तिथं बसून बघते.”

तेव्हाच सांगायला हवं होतं.

तिला नदीवर नेलं. एका डोहाकडे हात केला. ती काठावर बसली, कान देऊन. बराच वेळ.

“नाय येत ओ.”

“येईल,” मी म्हणालो.

वहिनी अजून रोज दुपारी जाते. उन्हातून, काठी टेकत.

मी घरी असतो. मागचं दार लावून घेतो.

तरी ऐकू येतं...