तिसरी हाक

मधी कोणी बोलायचं नाही. ज्याला बोलायचं असेल त्याने आत्ताच घरी जाऊन आपल्या मायच्या पदराखाली निजावं. ही ऐकीव गोष्ट नाही. भागीरथाबाईने मला स्वतः सांगितली, सुपात तांदूळ निवडता निवडता, आणि एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून आत गेली.

दोन वर्षं झाली. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचाच पौष.

भागीरथाच्या नवऱ्याचं नाव वारलू. पोंभुर्ण्याकडचा, मेहनती गडी, पण एक खोड होती. पौषात धान घरात आलं की शहाणी माणसं शेकोटीपुढे बसतात. हा बायको-लेकरांना रेंगीत घालायचा, बैल जुंपायचा आणि रातभराच्या वाटेवरच्या पहाडावर न्यायचा. दरसाल. गावातले लोक हसत. लटारू तर तोंडावर म्हणे, लोकं लेकराईले ऊन दाखवते, हा थंडी दाखवते. वारलूला फरक पडत नव्हता.

त्या पहाडाचं एक अंग झाडाविना आहे. पौषात तिथलं गवत वाळून असं निसरडं होतं की बकरीसुद्धा आडवी चालते. ताडाची मोठी झावळी घ्यायची, तिच्या रुंद बुडावर बसायचं आणि सुटायचं. वरून खाली, एका दमात. दोघी पोरी त्यासाठी वर्षभर दिवस मोजत. वच्छला दहाची, कमळा सहाची. वारलू त्यांना दिवसभर वर ओढून नेई आणि खाली सोडून देई. माणूस बैलासारखा घामेजे, पण हसत राही. भागीरथाही एकदा झावळीवर बसली होती, पदर तोंडात धरून. हे सांगताना ती लाजली. पुढचं सांगताना मात्र सुपाकडेच पाहत राहिली.

तो शनिवार होता. संकष्टी. चंद्र नऊच्या पुढे उगवायचा होता.

दिवस बुडाला. पायथ्याशी रेंगी सोडलेली, बैल बांधलेले, भागीरथाने शेकोटी पेटवलेली. वच्छला खाली आली. कमळा वर बापाच्या हाताला लोंबकळत होती, बा, एकच डाव. वारलूने शेवटचा म्हणून सोडली. झावळी निम्म्यात डावीकडे वळली आणि अंधारात, बांबूच्या बेटाकडे गेली.

वारलू घसरतच खाली आला. झावळी सापडली. कमळा नाही.

त्याने टेंभा पेटवला आणि शोधत सुटला. भागीरथाला जागा सोडता येईना. वच्छला एकटी, बैल दावं ओढून राह्यले होते, आणि त्या रानात वाघाची ये-जा. ती शेकोटीत लाकडं घालत उभी राहिली. कमळाच्या अंगावर एक पातळ झगा होता. गवतावर दव असं पडत होतं की हात लावला तर बोटं दुखत. पहाटेपर्यंत पोर बाहेर राहिली असती तर वाघाची गरजच नव्हती.

वारलूची हाक येई, कमळेऽ. मग टेंभा पुढे सरके. पुन्हा दुसरीकडून एक हाक. पुन्हा टेंभा पुढे. बांबूतून, नाल्यातून, वरून, खालून. एक तास. दोन तास. त्याचा आवाज फाटत चालला. उत्तर नाही.

आणि मग भागीरथाच्या ध्यानात आलं. पोर उत्तर देणारच नव्हती.

रानात चकवा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. ओळखीच्या आवाजात नाव घेतो आणि माणसाला भुलवून नेतो. पण तो नाव दोनदाच घेऊ शकतो. तिसऱ्यांदा त्याची जीभ वळत नाही. म्हणून आपल्याकडे लेकरांना शिकवतात, रानात रात्री दोन हाकांना ओ द्यायचा नाही. आणि हाकेची जागा बदलली की नव्याने मोजायचं. हे भागीरथानेच पोरींच्या डोक्यात भरलं होतं. कमळा मोठी हट्टी. कुठंतरी दात वाजवत बसली असेल आणि मोजत असेल. एक. मग एक. मग पुन्हा एक.

भागीरथाने स्वतः तीन हाका मारून पाहिल्या. पण दर वेळी मधेच वारलूची हाक पडली आणि मोजणी पुन्हा तुटली. मग ती जीव खाऊन नवऱ्याकडे ओरडली, "अवो, एका जागी उभे राहा. तीनदा बोलवा तिले. तीनदा!"

वरचा टेंभा थांबला. पहाडाच्या माथ्यावर. चंद्र तेव्हाच निघत होता.

"कमळेऽ"

फाटका, घोगरा आवाज.

"कमळे..."

हा तर निम्म्यात तुटला.

भागीरथा तिसरीची वाट पाहू लागली. वारा नव्हता. बैल थांबले होते. वर टेंभा तसाच. ढास लागल्यासारखं काही ऐकू आलं. मग तेही नाही...

तिसरी हाक आली.

माथ्यावरून नाही. खालून. डावीकडून, बांबूतून.

"कमळेऽ"

वारलूचाच आवाज. स्वच्छ.

आणि लगेच बारीक आवाज, "ओ, बा."

भागीरथाला रडू फुटलं. गवत वाजलं. बांबूतून वारलू बाहेर आला, खांद्यावर कमळा. पोरीचे हात त्याच्या मानेभोवती. भागीरथाने तिला ओढून घेतलं, छातीशी धरलं, पाय चोळले. पोर बर्फासारखी गार, पण जिवंत होती. दात वाजवत म्हणाली, "माय, तीन झाल्या. मग ओ देल्ला."

मग भागीरथाने वर पाहिलं.

टेंभा माथ्यावर जळत होता.

तिने नवऱ्याला विचारलं, "टेंभा कुठी हाय तुमचा?"

"विझला," तो म्हणाला. आणि बैल जुंपू लागला.

मांडीत पोर थरथरत होती. तिने दोघींना घोंगडीत गुंडाळलं आणि रेंगीत चढली. वारलू पुढे बसला. रेंगी निघाली. बैल न हाकता धावत होते.

मागून हाक आली.

"वच्छलेऽ"

घोगरी. रक्त आल्यासारखी.

वच्छलाने तोंड उघडलं. भागीरथाने तिच्या तोंडावर हात दाबला. पुढे बसलेल्याने मान वळवली नाही.

"वच्छले..."

दोन.

भागीरथा वाट पाहू लागली. तिने मला सांगितलं, भाऊ, तेवढी वाट मी कोणाचीच पाह्यली नाई. तिसरी आली असती तर मी उडी मारली असती. पोरींसकट मारली असती.

नाला आला. रेंगी पाण्यात उतरली. चाकं वाजली. ती कान देऊन बसली...

तिसरी आली नाही.

तिने मागे पाहिलं. उजेड उतारावरून खाली धावत होता. पडत होता, उठत होता. मग विझला.

रस्ताभर तिने एकच गोष्ट घट्ट धरली. तिसरी हाक माणसाची. ज्याने तिसरी दिली तो पुढे बसला आहे. ज्याला देता आली नाही तो मागे राहिला. हाकेची जागा बदलली होती, ते पोर थंडीने विसरली आणि मायने मनात येऊ दिलं नाही. आपल्या आज्या-पणज्या खोटं कशाला सांगतील?

तांबडं फुटायला घरी पोचले. तिने आधी चूल पेटवली. हळद, मिरे आणि गुळाचं पाणी ठेवलं, नवऱ्याच्या घशासाठी. तीन तास ओरडला होता बिचारा. आठ दिवस तरी आवाज बसणार.

वारलूने बैल सोडले. अंगणात उभा राहिला आणि पलीकडच्या शेतातल्या लटारूला हाळी दिली, पोर सापडल्याची. सारं गाव जागं झालं.

घसा साफ होता. जरासुद्धा बसला नव्हता. कमळा धावत गेली आणि त्याच्या पायाला मिठी मारून उभी राहिली.

भागीरथा चुलीपाशीच बसून राहिली. ते पाणी उकळत होतं. उकळून उकळून आटलं, भांडं करपलं, तरी तिने ते उतरवलं नाही.