पन्नास मैल हळू

सुमेधा उत्तमसिंगच्या दुकानात गेली ती वडिलांचा निरोप द्यायला, आणि अर्धा तास थांबली ती एका फळीमुळे.

निरोप साधा होता. फटफटीचा ब्रेक धरत नाही, नवे लायनर बसवून ठेवावेत, सोमवारी पुसदला जायचं आहे. वडील कमलाकरराव बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. लष्कराच्या लिलावात घेतलेल्या त्या फटफटीवर त्यांचा भारी जीव. सुमेधा नागपूरहून बी. एस्सी. होऊन आली होती आणि दिग्रसच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होती.

कापसाचे दिवस होते. जिनिंगमधून उडालेले तंतू साऱ्या बाजारात तरंगत होते. दुकानात उत्तमसिंग पत्रा ठोकलेल्या फळीवर लायनरच्या दोन पट्ट्या ठेवून फळीचं एक टोक हळूहळू उचलत होता. तो जवळच्याच तांड्यावरचा. अमरावतीला मोटारींचं काम शिकून आला आणि दिवाळीनंतर त्यानं हे दुकान टाकलं.

"हे काय चाललंय?" निरोप विसरून तिनं विचारलं.

"निवडून राह्यलो, बाई. हे कडक. दोन वर्ष टिकते, पर उतारावर धरत नाही. हे मऊ. लवकर झिजते, पर धरते."

कडक पट्टी घसरली. मऊ अजून जागच्या जागी होती. हाच प्रयोग सुमेधा मुलींना लाकडी ठोकळा घेऊन दाखवत असे.

"कोन मोजला का?"

"कोन काहून मोजाचा? हे घसरलं, हे नाही घसरलं. झालं."

"किती फरकानं, ते कळायला नको?"

"मंग तुम्ही मोजा. मी फळी धरतो."

तिनं पिशवीतून कोनमापक काढला. कडक पट्टी अठरा अंशांवर घसरली, मऊ चोवीसवर. पुन्हा केलं, तरी तेच.

"म्हणजे सायबाले सहा अंशांचा आधार," उत्तमसिंग हसला. मग त्याची नजर तिच्या केसांवर थांबली. "केसाले कापूस लागला तुमच्या…" त्याचा हात उचलला गेला, आणि बोटांवरचं काळं ग्रीस दिसताच तसाच खाली आला.

तिनंही तो कापूस झटकला नाही. काहून झटकला नाही, हे तिला कोणत्याही सूत्रानं सांगता आलं नसतं.

निघताना त्यानं मऊ लायनरचा उरलेला तुकडा तिला दिला. "तुमच्या पोरींले दाखवाले. अन् सायबाले सांगा, नवं लायनर लगेच धरत नाही. पन्नास मैल हळू चालवा, मंग ते ड्रमले बरोबर लागते. तवरक जरा कुरकुर करीन. करू द्या."

कुरकुर झालीच. रविवारी अंगणात फटफटी फिरवताना कमलाकरराव वैतागले. उत्तमसिंगचं बोलणं सुमेधाच्या ध्यानात होतं. पण तिला वाटलं, हा आवाज लायनरचा नव्हे, बाहेरच्या दांडीच्या सांध्याचा आहे. घरात दाराची बिजागरी वाजो की झोपाळ्याची कडी, आईची शिलाई मशीनच्या तेलाची कुपी हजर असायची. सुमेधानं तीच घेतली आणि सांध्यात सात-आठ थेंब सोडले. आवाज बंद झाला.

सोमवारी पुसदच्या वाटेवर, उतारावर, कापसानं भरलेली बैलगाडी आडवी आली. कमलाकररावांनी ब्रेक दाबला, फटफटी थांबली नाही. कापसात शिरले म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं. त्याच गाडीतून फटफटी दुकानात आली. भर बाजारात ते उत्तमसिंगला नाही नाही ते बोलले. त्यानं चाक उघडलं, आत पाहिलं, बोट नाकाशी नेलं आणि एवढंच म्हणाला, "दुसरं बसवून देतो, सायेब."

"चाक उघडलं, बोटाचा वास घेतला, पण एक शब्द बोलला नाही," रात्री जेवताना कमलाकरराव म्हणाले. "चूक असल्याशिवाय माणूस असा गप्प बसतो?"

बुधवारपर्यंत उत्तमसिंगकडे दुरुस्तीला येणारा जिनिंगचा ट्रक दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला होता. दुकानासमोर आता नुसता कापूस उडत होता. सुमेधा शाळेत गेली आणि तिनं तो लायनरचा तुकडा पत्र्यावर ठेवून पत्रा तिरपा केला. चोवीस अंश. सांध्यातून तेल आत झिरपलं असेल तर? तिनं तुकड्यावर शिलाई मशीनचं तेल सोडलं.

नऊ अंश.

तिनं तीनदा मोजलं. आकडा बदलेना.

घरी येऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. कमलाकरराव बराच वेळ सोललेलं कोपर चोळत बसले. "चारचौघांत बोललो मी त्याला," शेवटी ते म्हणाले. "आता चारचौघांतच जावं लागेल. चल."

ते गेले. बाजार भरलेला असताना त्यांनी उत्तमसिंगपुढे हात जोडले, चूक आपल्या घरची होती म्हणाले, आणि ओळखीचे कुणी भेटले म्हणून पुढं झाले. सुमेधा मागं राहिली.

"तेलाचा वास तुम्हाला आला होता."

"हौ. मशीनचं तेल. सायबाच्या घरी मोटारीले ते कोण घालीन? आई तर बाहेर येत नाही."

"मग बोलला काहून नाहीत?"

आपला शब्द तिच्या तोंडी ऐकून तो क्षणभर हसला. "तुमाले बोलणी बसली असती."

"आणि तुमचं दुकान बसलं असतं तर?"

"ते…" तो हातातला पाना पुसत राहिला. "ते मी हिशेबात धरलंच नव्हतं, बाई."

"असं नका वागू पुन्हा. माझी चूक माझ्याजवळ राहू द्या." ती थांबली. "आणि बाई नका म्हणू."

त्यानं पाना फळीवर ठेवला.

"सायबाले एक विचाराचं हाय मले," तो हळूच म्हणाला. "पर आज नाही. आज त्यायनं माफी मागतली. आज विचारलं तर माफीचा मोबदला मागतला, असं होईन."

"त्यांना विचाराल. आणि मला?"

"तुमाले विचाराचीच तर भीती हाय."

"विचारा. मी लगेच हो म्हणणार नाही… एक श्वास घेईन, मग म्हणेन."

तो कोपऱ्यातल्या बादलीशी गेला, साबणानं हात धुतले, पुसले, उजेडात धरून पाहिले. मग परत येऊन त्यानं तिच्या केसांतला कापसाचा तंतू अलगद उचलला.

"मग बाबांना केव्हा?" तिनं विचारलं. श्वास घ्यायचा ती विसरलीच होती.

"नवं लायनर बसवलं आज. पन्नास मैल होऊ द्या."

पुसदची एक फेरी साधारण छत्तीस मैलांची. शुक्रवारी एक झाली. सोमवारी संध्याकाळी दुसरी करून कमलाकरराव परतले, तेव्हा सुमेधा कंदील घेऊन फटफटीच्या मीटरवर वाकली होती.

"काय पाहतेस?"

"मैल, बाबा. बहात्तर झाले."

फाटकाची कडी वाजली. अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर तांबडा फेटा, नखांच्या कडा घासून लाल झालेल्या.

"अरे, उत्तमसिंग? ब्रेक बघायला आलास का?"

"नाही, सायेब. ब्रेक चांगला धरून राह्यला." त्यानं एकदा सुमेधाकडे पाहिलं. "मी दुसऱ्या कामानं आलो."

कमलाकररावांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग कंदील धरून तशाच उभ्या राहिलेल्या मुलीकडे.

"ये," ते म्हणाले. "बस."