गोमुखाची धार

गोमुखाखालच्या दगडी कुंडात पांढरा फेस तरंगत होता. सायलीनं तो बोटावर घेऊन हुंगला. साबण! तिनं बोट पदराला पुसलं.

रांगेतल्या बाया तेच पाणी ओंजळीनं पीत होत्या. एकीनं कडेवरच्या लेकरालाही पाजलं. धोंडिबा गुरवानं तर गटागटा पिऊन ढेकर दिला.

फाल्गुनात सायलीच्या आईनं, द्वारकाबाईंनी, इथंच तीर्थ घेतलं होतं. पुढं कावीळ झाली आणि त्या गेल्या. दूषित पाणी, डॉक्टर म्हणाले. घरी सायली पाणी उकळूनच द्यायची. तरी देवीच्या या गडाच्या ट्रस्टचे अध्यक्ष असलेल्या बद्रीनाथमामांनी साऱ्या कन्नड गावात सांगितलं, "पोरीनं हाटेलातलं खाऊ घालून मारली माझी बहीण."

आज आईचा राहिलेला नवस फेडायला ती गड चढून आली होती, आणि मामा गोमुखापाशीच उभे होते.

"तायडे, आलीस व्हय? घे तीर्थ. डोळे मिटून घे."

"आधी तुम्ही, मामा."

मामांनी तळहातावर धार घेतली, डोळ्यांना लावली, ओला हात डोक्यावरून फिरवला.

तेवढ्यात लाइट गेली. मंडपातले पंखे थांबले. गोमुखाची धार बारीक होत तुटली.

"धोंडिबाकाका, धार का थांबली?"

"देवीचा झरा हाय, बाई; देवी रुसती. ऊन लई तापलं की रुसती."

"रुसवा निघतो कधी?"

"तेचं काय सांगावं! वायरमन—" मामांकडं बघून धोंडिबानं जीभ चावली.

सायली भक्तनिवासामागं गेली. तिथं न्हाणीघरांचं काळं पाणी विहिरीच्या कडेला मुरत होतं. चिखलात केसांचे पुंजके, शाम्पूच्या पुड्या. नाकाला पदर लावून ती वाकली. विहिरीतून एक पाइप वर मंदिराकडं गेला होता.

ती परतली तेव्हा पंखे फिरत होते आणि धार पुन्हा सुरू झाली होती.

"कुणी पिऊ नका!" ती ओरडली. "झरा आटलाय. ही मोटारीची धार आहे, म्हणून लाइटीबरोबर तुटते. पाणी भक्तनिवासामागच्या विहिरीचं. तिच्यात न्हाणीचं सांडपाणी मुरतं, म्हणून हा फेस."

"मोटार गुरव चालवतो," मामा झटक्यात म्हणाले. "त्याला इचार."

"पाणी त्या विहिरीचं हे त्यांना ठाऊक असतं, तर ते प्यायले असते का? सगळ्यांनी तीर्थ ओठांना लावलं, मामा. तुम्ही एकट्यानं नाही. बहिणीला मात्र पिऊ दिलंत."

"मला अध्यक्ष बोअरचं पाणी म्हणले होते!" धोंडिबा तोंड दाबून कठड्याकडं धावला. ओकाऱ्यांचा आवाज मंडपभर ऐकू आला. कडेवर लेकरू असलेली बाई त्या लेकराच्या तोंडात बोट घालू लागली.

मामांचं कपाळ घामानं डबडबलं. आवाज एकदम खाली आला.

"तायडे, झरा आटला म्हणलो असतो, तर गडावर कोण आलं असतं गं?"

"आई आली असती," सायली म्हणाली.