चंद्रावरची ताठ मान

चंद्रावरच्या त्या वसाहतीच्या दारावर पाटी होती : ‘जंतूंना प्रवेश नाही’. जंतूंना वाचता येत नाही, हे वसाहत समितीच्या लक्षात आलं नसावं. समितीचे अध्यक्ष म्हणजे शर्वाणीचे बाबा.

पृथ्वीवरून कुणी आलं की त्याची मान अवघडायचीच. उपायही ठरलेला : खोबरेल तेल, मालिश आणि शेजाऱ्यांचे सल्ले. त्यामुळे पृथ्वीवरच्या आजोळहून परतलेल्या शर्वाणीच्या धाकट्या भावाची, ओजसची मान धरली, तेव्हा बाबांनी शांतपणे बाटली उघडली.

“बाबा, त्याला ताप आहे. उलट्याही झाल्या. दिवा लावला की ओरडतो.”

“प्रवासाचा शीण गं. उद्या उड्या मारेल.”

“मग मघाशी मला आत्या का म्हणाला?”

बाबांचा हात थांबला. शर्वाणीने भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

वैद्यकीय यंत्रमानव गुणाजी घरंगळत आला. त्याने ओजसची मान हळूच पुढे वाकवून पाहिली. ती वाकेना. ओजस कळवळला.

“तेल ठेवा, अध्यक्ष. मेनिन्जायटिसचा (मेंदूच्या आवरणांना येणारी सूज) संशय आहे. दवाखान्यात चला. आत्ता.”

गाडीत शर्वाणीने विचारलं, “मेंदू सुजला तर मान का दुखते?”

“मेंदू आणि मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातली नसांची जाड दोरी) यांच्यावर एकच सलग आवरण असतं. ते सुजलं की मान वाकवताना ताणलं जातं.”

“पण इथे तर सगळं बंद आहे. जंतू आले कुठून?”

“माणसांमधून. ते निरोगी माणसाच्याही नाका-घशात मुकाट राहतात. खोकल्यातून दुसऱ्याकडे जातात. क्वचित एखाद्याच्या रक्तात शिरून या आवरणांपर्यंत पोचतात. विषाणूंमुळे झालेला आजार बहुधा सौम्य असतो. जिवाणूंमुळे झालेला मात्र काही तासांत जीव घेऊ शकतो.”

दवाखान्यात गुणाजीने रक्त घेतलं, मग कमरेच्या मणक्यांमधून सुईने मज्जारज्जूभोवतीचं थोडं पाणी काढलं. ते स्वच्छ हवं होतं. गढूळ निघालं. त्याने लगेच शिरेतून प्रतिजैविक (जिवाणू मारणारं औषध) सुरू केलं.

“आधी तपासणीचा अहवाल येऊ द्या की,” बाबा सवयीने म्हणाले.

“जिवाणू बैठकीसाठी थांबत नाहीत, अध्यक्ष. अहवाल आला की औषध बदलता येईल. तुम्हीही दंड पुढे करा, घरच्यांनाही प्रतिबंधक औषध लागेल.”

“तो वाचेल ना?” शर्वाणीने विचारलं.

“सांगता येत नाही. लवकर आणलंत, एवढं सांगता येतं.”

गुणाजीला खोटं बोलता येत नसे. शर्वाणीला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता.

ताप उतरायला दोन दिवस गेले. ओजसने डोळे उघडले, पण हाकेला वळला नाही.

“या आजारात कधीकधी ऐकू येणं जातं,” गुणाजी म्हणाला. “तपासावं लागेल.”

बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाटी काढून लसीकरण सुरू करायचा हुकूम त्यांनी सकाळीच दिला होता, यावेळी बैठकीशिवाय. काही प्रकारचे जिवाणू लसीने आधीच अडवता येतात, हे आता वसाहतीत सगळ्यांना कळलं होतं.

शर्वाणी ओजसला दिसणार नाही अशी पलंगाच्या मागे गेली आणि अगदी हळू म्हणाली, “गाढवा.”

“तूच,” ओजस म्हणाला.